पुढच्या शनिवारी येणार ना?

बंगळुरूत हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाडी अडकली की विमानतळाकडे निघालेला माणूस घड्याळ बघतो. तळ्याकडे बघणारे थोडे. पुलाला लागूनच एवढं मोठं पाणी पसरलं आहे. शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या काळातलं, १५३७ सालचं मानतात ते. काठच्या गवतात जांभळ्या पाणकोंबड्या फिरत असतात, पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात, झोळीवाले पेलिकनही दिसतात. कधीकाळी इथे नौकाविहार चालायचा. मग सरकारने तळं एका हॉटेल कंपनीला भाडेपट्ट्याने दिलं, त्यावरून कर्नाटक उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि तळं नेमकं कुणाचं यावर बरीच वर्षं वाद चालला. त्या वादात पक्षिप्रेमी होते, मासेमार होते, सकाळी फिरायला येणारे होते. परिसरातल्या बालगृहांमधल्या मुलांचं मत काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ती तळं बघतात ते गाडीच्या खिडकीतून, दवाखान्यात किंवा बालकल्याण समितीपुढे नेतात तेव्हा.

मी मूळचा देवबागचा. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर आमची घरं. तिथे पोराच्या हातात सायकलीआधी वल्हं येतं. नोकरीने मला समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरच्या या शहरात आणून टाकलं, आणि निवृत्तीनंतर हेब्बाळलाच राहिलो. आता आम्ही काही जण, म्हणजे एक बालसमुपदेशक बाई, साहसी खेळ शिकवणारे दोन तरुण प्रशिक्षक, गाडी चालवणारा एक मित्र आणि मी, बालगृहातल्या आणि फोस्टर कुटुंबांत राहणाऱ्या मुलांना शनिवारी शहराबाहेरच्या एका जलाशयावर नेतो आणि कयाक शिकवतो. हेब्बाळच्या तळ्यात सांडपाणी मिसळतं, त्यात मुलांना उतरवणं बरं नव्हे. म्हणून दारातलं पाणी सोडून लांब जावं लागतं.

या कामाबद्दल लोक दोन प्रश्न विचारतात. ही मुलं म्हणजे नेमकी कोण? आणि पोटापाण्याचे, शिक्षणाचे प्रश्न पडले असताना होड्यांची चैन कशाला?

ना अनाथ, ना दत्तक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना आधी एक गैरसमज काढावा लागतो. बालगृहातलं प्रत्येक मूल अनाथ नसतं. अनेकांचं कुणी ना कुणी असतं. आई आजारी असते, बाप परागंदा झालेला असतो, आजी असते पण तिलाच सांभाळणारं कुणी नसतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलाचं काय करायचं हे बालकल्याण समिती ठरवते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात एक तरी महिला. ही समिती मुलाला बालगृहात ठेवू शकते, नातेवाइकांकडे सोपवू शकते किंवा त्याच कायद्याच्या ४४ व्या कलमाखाली एखाद्या कुटुंबात संगोपनासाठी ठेवू शकते. हे शेवटचं म्हणजे फोस्टर केअर.

दत्तकात मूल कायद्याने त्या घरचं होतं. फोस्टर केअरमध्ये तसं होत नाही. घर, जेवण, शाळा, माया सगळं मिळतं, पण कागदावरचं नातं बदलत नाही आणि मूळ कुटुंब सावरलं तर मूल परत जाऊ शकतं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत यासाठी दरमहा चार हजार रुपये मिळतात. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना जुनी आहे. ती आता सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने चालते आणि तिच्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राने २०२४ मध्ये फोस्टर केअरची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. त्यामुळे एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळायला घेता येतं, आणि पूर्वी पाच वर्षांनी करता येणारा दत्तकाचा विचार आता दोन वर्षांनी करता येतो.

कायदा मुलाच्या भल्यासाठीच आहे. पण मुलाच्या बाजूने बघा. कुठे झोपायचं, कोणत्या शाळेत जायचं, आईला कधी भेटायचं, हे सगळं दुसरं कुणीतरी, एका फायलीत बघून ठरवतं. मुलगे आणि मुली यांची गृहं वेगळी, वयाप्रमाणेही वेगळी. त्यामुळे सख्खी भावंडं शहराच्या दोन टोकांना राहतात. नवीन घरात गेलेलं मूल पहिले काही महिने पिशवी भरूनच ठेवतं, असं आमच्या समुपदेशक बाई सांगतात. ते हट्टी नसतं. हे घर किती दिवसांचं, एवढाच त्याचा हिशेब चाललेला असतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं. खेळ ही चैन नाही, हे तर संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातच आहे. १९८९ चा हा करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला आणि त्याचं ३१ वं कलम मुलाच्या विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क मान्य करतं. पण क्रिकेट-कबड्डी सोडून पाणीच का, याचं उत्तर करारात सापडत नाही. ते होडीत बसल्यावर कळतं.

पुढे बसणाऱ्याची लय

दोन माणसांच्या कयाकमध्ये बसण्याचा एक नियम आहे. पुढे बसलेला वल्ह्याची लय धरतो. मागचा त्या लयीला जुळवून घेतो आणि दिशा सांभाळतो. आम्ही मुलाला पुढे बसवतो आणि फोस्टर आईला किंवा वडिलांना मागे. घरात आणि शाळेत मोठ्यांच्या तालावर चालणाऱ्या मुलाच्या तालावर इथे मोठ्याला चालावं लागतं. मुलाने घाई केली तर मागच्यानेही घाई करायची, मूल थांबलं की थांबायचं. दोघांची वल्ही एकमेकांवर आपटली तर दोघांचीही चूक.

आणखी एक सोय होते. होडीत एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. ज्या मुलाला ‘कसं वाटतंय तुला आमच्याकडे?’ असं समोर बसवून विचारलं की ते गप्प होतं, तेच मूल पाठीमागच्या माणसाशी, पाण्याकडे बघत, आपणहून बोलायला लागतं. एका फोस्टर वडिलांनी मला सांगितलं की मुलाची आधीची शाळा कोणती होती हे त्यांना पहिल्यांदा कळलं ते धरणाच्या मध्यावर. फायलीत ते लिहिलेलं होतंच, पण त्या शाळेत त्याला काय आवडायचं हे फायलीत नव्हतं.

भावंडांच्या जोडीचं तर मी मुद्दाम सांगेन. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, म्हणून नावगाव नाही. भाऊ मोठा, मुलग्यांच्या गृहात. बहीण लहान, मुलींच्या गृहात. दोन्ही अधीक्षकांची लेखी परवानगी घेऊन दोघांना एका कयाकमध्ये बसवलं, बहीण पुढे. भावाने नेहमीप्रमाणे पुढाकार घेतला आणि उजव्या हाताचा सगळा जोर लावला. उजवीकडे वल्हं मारलं की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, डावीकडे वळते. कयाक जागच्या जागी गोल फिरायला लागली. तो आणखी जोर लावी, ती आणखी फिरे. काठावरून प्रशिक्षक ओरडणार तेवढ्यात मुलीने वल्हं आडवं मांडीवर ठेवलं आणि मागे न बघता म्हणाली, ‘निधान, अण्णा.’ सावकाश, दादा. मग तिने मोजायला सुरुवात केली. ‘ओंदु, एरडु. ओंदु, एरडु.’ एकावर उजवीकडे, दोनावर डावीकडे. थोड्याच वेळात कयाक सरळ रेषेत समोरच्या बाभळीकडे निघाली. दोघांनाही कुणी शाबासकी देण्याआधीच आपलं जमल्याचं कळलं होतं.

भावंडांची ताटातूट हा सगळ्या जगातलाच प्रश्न आहे. अमेरिकेत लिन प्राइस या बाईंनी १९९५ मध्ये कॅम्प टू बिलाँग नावाचं शिबिर सुरू केलं, ते नेमकं यासाठी: वेगवेगळ्या फोस्टर घरांत विखुरलेल्या भावंडांनी काही दिवस एकत्र राहावं, खेळावं, भांडावं. भांडायलासुद्धा भावंड जवळ असावं लागतं.

होडी मुद्दाम उलटवायची

पाण्यावर जायचं म्हटलं की अधीक्षकांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्या पडायलाच हव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली आणि त्यांत मुलांचं प्रमाण मोठं होतं. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यामुळे आमच्या कामाची सुरुवात जॅकेटापासून होते.

जॅकेट म्हणजे नुसता नारिंगी फुगा नव्हे. पोहता येणाऱ्यासाठी ५० न्यूटन उचल देणारं जॅकेट चालतं. पोहता न येणाऱ्याला १०० न्यूटनचं किंवा त्याहून जास्तीचं हवं, कारण ते माणसाला उताणं करतं आणि तोंड पाण्याबाहेर ठेवतं. लहान मुलाच्या जॅकेटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि माप बघायची साधी पद्धत अशी: सगळे बक्कल लावून झाले की जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढायचं. ते कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे, पाण्यात ते मुलाला धरणार नाही.

पट्टा आवळण्याआधी प्रशिक्षक मुलाला विचारतो, ‘मी आवळू की तू आवळतोस?’ मारहाण सोसलेल्या मुलाच्या अंगाला अचानक हात लागला की ते दचकतं किंवा थेट फटका मारतं. विचारलं की बहुतेक मुलं ‘मी’ म्हणतात. आमच्यात एक मुलगा आहे, तो स्वतःचं जॅकेट लावून झालं की इतर सगळ्यांचे बक्कल तपासत फिरतो, माझेसुद्धा. मोठ्यांनी दिलेल्या शब्दावर त्याचा भरवसा नाही, स्वतः ओढून बघितलेल्या बक्कलवर आहे. आम्ही त्याला ते काम रीतसर देऊन टाकलं.

त्यानंतर कंबरभर पाण्यात होडी मुद्दाम उलटवतो. सगळ्या शिकवण्यातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आमच्या कयाक सपाट माथ्याच्या आहेत, त्यांत माणूस अडकत नाही, नुसता बाहेर पडतो. पडल्यावर काय करायचं त्याचा क्रम ठरलेला. पहिलं, होडी सोडायची नाही. काठ कितीही जवळ दिसला तरी पोहत सुटायचं नाही. दुसरं, वल्हं हातातून जाऊ द्यायचं नाही. तिसरं, होडीच्या उलट्या पाठीवरून हात टाकून पलीकडची कड धरायची आणि आपलं वजन मागे टाकत ती आपल्याकडे ओढायची, होडी सुलटते. चौथं, पाय झाडत पोटावर होडीत आडवं चढायचं, मग कूस बदलून बसायचं. पहिल्या वेळी मुलं किंचाळतात, नाकातोंडात पाणी जातं, एखादं रडतं. रडणाऱ्याला घाई करायची नाही. ते दुसऱ्यांचं बघत काठावर बसतं आणि बहुधा पुढल्या शनिवारी स्वतःच पाण्यात येतं. होडी उलटणं मुलांना आता खेळ वाटायला लागलं आहे. ‘सार्, इन्नोंदु सल!’ म्हणजे आणखी एकदा.

ज्या मुलांची घरं एका रात्रीत उलटली त्यांना हे शिकवताना मी कसलंही तात्पर्य सांगत नाही. मुलं तेवढी शहाणी असतात. पण याच सरावात एक गोष्ट घडते: काहीतरी बिघडलं आणि ते स्वतःच्या हातांनी नीट केलं, तेही लागोपाठ, सगळ्यांसमोर.

पोहणं आणि पाण्यातली सुरक्षा शिकवल्याने जीव वाचतात याला आधार आहे. बांगलादेशात स्विमसेफ नावाच्या उपक्रमात गावच्या तळ्यांतच बांबूची चौकट बांधून मुलांना पोहायला शिकवलं, आणि शिकलेल्या मुलांमध्ये बुडण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्याचं दिसलं. फार महागडी साधनं त्याला लागली नाहीत.

एका दिवसाची सहल नको

दर वर्षी डिसेंबरमध्ये कुठल्या ना कुठल्या कंपनीचा गट मुलांना ‘एक दिवस मजा’ द्यायला येतो. केक, टोप्या, नौकाविहार, आणि ढीगभर फोटो. ७४ वं कलम मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. पण माझी तक्रार फोटोपुरती नाही. निघताना मुलं एकच विचारतात, ‘पुढच्या शनिवारी येणार ना?’ आणि पाहुणे हसून ‘हो हो’ म्हणतात. ज्या मुलांना मोठी माणसं येतात आणि जातात हे आधीच ठाऊक आहे, त्यांना तेच पुन्हा शिकवलं जातं, या वेळी केकसकट.

पाण्यावर ज्यांचं काम टिकलं त्यांच्याकडे बघितलं की हाच मुद्दा पटतो. हैदराबादच्या हुसेनसागरावर सुहेम शेख यांनी २००९ मध्ये यॉट क्लब ऑफ हैदराबाद सुरू केला. तिथे रसूलपुऱ्याच्या उद्भव शाळेसारख्या ठिकाणची, गरीब वस्त्यांमधली मुलं शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. सुरुवात होते ऑप्टिमिस्ट नावाच्या होडीवर. ही सुमारे २.३ मीटरची, पस्तीस किलोंची, एकच मूल बसेल एवढी खोक्यासारखी होडी १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी बनवली, तीच मुळी सामान्य घरच्या मुलांना परवडावी म्हणून. याच क्लबात शिकलेली उद्भव शाळेची प्रीती कोंगारा २०२३ च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत भारताकडून उतरली. हे एका सहलीत होत नाही. वर्षानुवर्षं त्याच तळ्यावर, त्याच शिक्षकांकडे यावं लागतं.

केरळात कोवळमच्या सर्फ क्लबात, जो एका सामाजिक संस्थेने २००५ मध्ये सुरू केला, नियम एकच: शाळा नाही तर सर्फिंग नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या वस्त्यांमध्ये टिम कॉनिबीअर यांनी सुरू केलेली वेव्ह्ज फॉर चेंज ही संस्था हिंसा बघितलेल्या मुलांना लाटांवर नेते. तिचे प्रशिक्षक त्याच वस्त्यांमधले तरुण असतात आणि ते दर आठवड्याला भेटतात. २०१७ मध्ये या संस्थेला लॉरियस पुरस्कार मिळाला. तिन्ही ठिकाणी पाणी वेगळं: तळं, समुद्र, महासागर. समान आहे ते एवढंच की शिकवणारा परत येतो.

आपल्या दत्तू भोकनळचं उदाहरण मी मुलांना सांगतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी गावचा पोरगा. वडील गेले, घराचा भार अंगावर आला, आणि २०१२ मध्ये तो सैन्यात दाखल झाला. पाण्याची भीती वाटायची त्याला. लष्कराने वल्हं हाती दिलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक मिळवलं. मुलांना पदकाचं कौतुक वाटतं, पण त्यांचे प्रश्न भलतेच असतात. ‘भीती गेली का त्याची?’ ‘त्याला शिकवणारे सर कोण?’ ‘ते रोज यायचे?’

तुम्हाला करायचं असेल तर

महाराष्ट्रात पाण्याची वाण नाही. खडकवासला आहे, नाशिकचं गंगापूर धरण आहे, कोल्हापूरचा रंकाळा, नागपूरची अंबाझरी, आणि आमची सगळी कोकणपट्टी. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. पोलिस पडताळणी करून घ्या, ‘माझ्यावर संशय?’ म्हणून रागावू नका, ती मुलांसाठी आहे. अधीक्षकांची किंवा समितीची लेखी परवानगी, मुलांची वैद्यकीय तपासणी, मुली असतील तर सोबत महिला, प्रमाणित प्रशिक्षक, आणि पाण्यात जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट. यातलं एक कमी असलं तरी त्या दिवशी होडी बाहेर काढायची नाही. पाऊस झाला, धरणाचं पाणी सोडलं, वारा वाढला तरीही नाही. पण त्या दिवशीही मुलांना भेटायला जायचं, कॅरम खेळायचा. शनिवार मात्र चुकवायचा नाही.

म्हणून कुणी विचारलं की मी कसा हातभार लावू, तर मी आधी त्याचं कॅलेंडर विचारतो. वर्षभराचे शनिवार मोकळे असतील तर या. पोहता येत नसलं तरी चालेल, काठावर यादी धरणारा, डबे उघडणारा, टॉवेल देणारा माणूसही लागतोच. तेवढा वेळ नसेल तर मुलांच्या मापाची जॅकेटं द्या. भाड्याने मिळतात ती मोठ्यांच्या मापाची असतात, आणि खांद्यांपाशी ओढून बघितलं की कानापर्यंत येतात. मग त्या मुलाला आम्ही पाण्यात सोडत नाही. ते दिवसभर काठावर बसतं आणि आपल्या मापाचं जॅकेट कधी येणार हे विचारत राहतं.